आपली पेढी

सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीची ती पेढी आमचीच आहे, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती. तशी समजूत होण्यास कारणेही होती. सकाळी देवदर्शन आटोपून निघताना अण्णा आईला म्हणत, "आज हरिपूरच्या पेवांतली हळद आपल्या पेढीवर यायची आहे." गादीवर कीर्द-खतावणी पुढ्यात घेऊन तेच बसत. शेतकरी, हमाल, दलाल त्यांनाच नमस्कार करीत. पाटीवरचे आडनाव निराळे होते खरे. पण ते भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीतील गृहस्थांचे होते, आणि ते आमचे कोणी पणजोबा असावेत, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. शाळेत मी 'पेढीवाल्यांचा मुलगा' म्हणून मिरवीत असे.

मी 9 वर्षांचा असताना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका वर्गमित्राला मोठ्या ऐटीने वहीपूजन पाहण्यास नेले. थोड्या वेळाने मुंबईहून शेठजी आले. वयाने ते अण्णांहून बरेच लहान. अण्णा तत्काळ गादीवरून उठले व खाली सतरंजीवर जाऊन बसले. पूजेनंतर शेठजींनी हमालांबरोबर त्यांनाही बक्षिसाचे पाकीट दिले. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतले. मित्राने हळूच विचारले, "तुझे वडील इथे नोकर आहेत?" मी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून पेढीवर जाणे सोडले, आणि अण्णांशी बोलणेही. त्यांनी मला फसविले, असेच वाटत राहिले.

पुढे हळदीचा हंगाम सुरू झाला. एके दिवशी अण्णा सूर्यास्तापूर्वी जेवायला आले नाहीत; म्हणजे आता सकाळपर्यंत उपवासच. रात्री 10 वाजले, तेव्हा आईने मला पाहण्यास पाठविले. अण्णा एकटेच वही चाळीत होते. शिल्लक जुळत नव्हती. वहीपेक्षा गल्ल्यात 18 रुपये 75 पैसे अधिक होते.

मी चिडून म्हणालो, "जास्तच आहेत ना? शेठजींचे नुकसान तर नाही! आणि पेढी कुठे आपली आहे?"

अण्णांनी वर पाहिले. माझा अबोला त्यांना त्या क्षणी उलगडला असावा. ते शांतपणे म्हणाले, "गल्ला शेठजींचाच आहे, बाळ. पण त्यात दुसऱ्या कुणाचे तरी पैसे अडकले आहेत. ते शोधणे आपले काम."

अकराच्या सुमारास चूक सापडली. एका हमालाची आठवड्याची हमाली वहीत खर्ची पडली होती. परंतु ताप आल्यामुळे तो लवकर घरी गेला होता व रक्कम गल्ल्यातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी पेढी उघडण्यापूर्वी अण्णा मला घेऊन त्याच्या घरी गेले. पैसे मोजून दिले आणि उशीर झाल्याबद्दल त्याची क्षमा मागितली.

आज माझे स्वतःचे दुकान आहे. पाटीवर आमचेच आडनाव आहे. दरवर्षी क्षमावाणीला मी अण्णांना वाकून क्षमा मागत असे, पण त्या अबोल्याचे नाव घेऊन कधी मागितली नाही. आता अण्णा नाहीत.

गेल्या आठवड्यात आमचे दिवाणजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आपल्या दुकानात नवा माल आला आहे." ते ऐकून मी जागीच थांबलो. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. यंदाच्या वहीपूजनाला त्यालाही बोलवावे आणि दिवाणजींना गादीवरून उठू देऊ नये, असे मी ठरविले आहे.