चार बोटांचा प्ले

आमच्या फियाटचं स्टेअरिंग डावीकडं चार बोटं फिरवलं तरी पुढचं चाक जागचं हलायचं नाही. पाचव्या बोटाला गाडीला जाग यायची. आबांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचे हात सारखे डावी-उजवी करत असायचे. जुन्या हिंदी सिनेमातला हिरो गाडी चालवताना करतो ना, मागं पडद्यावर रस्ता सरळ पळतोय आणि हा आपला चाक घुसळतोय, अगदी तसं.

दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याहून उतरताना वाघबिळाच्या वळणावर गाडी मधली रेघ ओलांडून गेली. समोरून एसटी. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि निघून गेला. त्या संध्याकाळी आम्ही दोघा भावांनी ठरवलं, आबांना एकोणऐंशी झाली, हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. किल्ली माझ्या कपाटात गेली. आबांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. ‘बॅटरी उतरलीय’ असं सांगत राहिलो. आबांनीही पुन्हा विचारलं नाही. बॅटरी वर्षभर उतरलेली राहत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

गाडी १९७१ ची, फियाट ११०० डिलाइट. आबांनी ती १९८४ मध्ये जुनीच घेतली, कारण नव्या गाडीचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं जायची. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्येच बंद झालं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग प्रीमियर पद्मिनी अशी नावं बदलत ते जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिलं. हिच्या आधीची ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’. आमच्या गल्लीत एकाकडं होती, आणि आमची डुक्कर नाही याचा मला लहानपणी फार अभिमान होता. आता त्या डुकराला आमच्या गाडीच्या दुप्पट भाव आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द मी जपूनच वापरतो. जाणकारांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतच्या गाड्या. सरकार मात्र उदार आहे, २०२१ च्या नियमानुसार पन्नाशी ओलांडली की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंदवलेली गाडी रोज चालवता येत नाही, रॅलीला किंवा प्रदर्शनाला न्यायची. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. मंडईतून भाजी न आणणारी गाडी आबांना गाडीच वाटली नसती.

किल्ली कपाटात गेल्यावर गाडी हलती राहावी म्हणून मी ती अधूनमधून काढायला लागलो. पहिल्याच दिवशी शिवाजी पुलावर घाम फुटला. गाडी माझ्याही हातात डुलत होती! माझं वय सत्तेचाळीस. हा साधा हिशेब तेव्हाच करायला हवा होता, पण मी म्हटलं, आपल्याला सवय नाही.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू पिळला आणि ‘प्ले काढला साहेब’ म्हणून तीनशे रुपये घेतले. प्ले बराच कमी झाला खरा. पण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक परत येईना, ओढून आणावं लागे. या गाडीच्या बॉक्समध्ये एक वर्म आणि त्यावर फिरणारा रोलर असतो. माणूस बहुतेक वेळ सरळच चालवतो, म्हणून वर्म मधोमध झिजतो आणि टोकांना नव्यासारखा राहतो. मधली झीज भरून निघेपर्यंत स्क्रू आवळला, की टोकांना तो जाम होतो. वरून पुन्हा दुखणं दुसरीकडंच होतं. ताप आलेल्याला टोपी घट्ट बसवावी, तसला उपाय.

शेवटी एका रविवारी पोतं अंथरून मीच खाली शिरलो. स्टेअरिंगचा प्ले शोधायला दोन माणसं लागतात. चाकं जमिनीवरच ठेवायची, एकानं स्टेअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खालून एकेक सांधा बघत जायचं. भाऊ पुण्याला, पोरगा झोपलेला. अंगणात आबा पेपर वाचत बसलेले.

“आबा, जरा आत बसता का? स्टेअरिंग हलवायचंय.”

पेपरची घडी घालायला त्यांनी नको इतका वेळ लावला. मग दार उघडल्याचा आवाज आला, स्प्रिंगा कुरकुरल्या.

“हलवू का?”

“हलवा.”

उजवीकडं बॉक्समधून ड्रॉप आर्म खाली येतो. तो मधल्या रॉडला ढकलतो, आणि त्या रॉडचं दुसरं टोक डावीकडं आयडलर आर्मनं धरलेलं असतं. आयडलर बिचारा स्वतः काहीच करत नाही. रॉड एका पातळीत फिरावा म्हणून एका पिनीभोवती नुसता मागं-पुढं होतो. ती पिन ब्रॅकेटमधल्या बुशांत बसते. आबांनी चाक हलवलं की ड्रॉप आर्म लगेच हलत होता. आयडलर मात्र आधी वर उचलला जायचा, मग तिरका व्हायचा आणि त्यानंतर सावकाश बाजूला सरकायचा. बोटांच्या चिमटीत धरला तर दाढ हलावी तसा हलत होता.

पुढचं चाक जॅकवर घेतलं, मागच्यांना उटी लावली. स्प्लिट पिना इतक्या गंजल्या होत्या, की पक्कडीत मोडून तुकडे हातात आले. टेपरमध्ये अडकलेला सांधा सुटायला दोन हातोड्या लागतात. एक मागं टेकवून धरायची, दुसरीनं समोरून रॉडच्या डोळ्यावर एकच नेमका ठोका द्यायचा. माझे नेमके ठोके सतरा झाले. अठरावा आबांनी मारला.

ब्रॅकेट शेगड्यात धरून पिन ओढली तर ती हातानंच बाहेर आली. बुश आतून गोल उरलाच नव्हता, लांबट झाला होता. ग्रीसचं निपल वरून रंगानं बुजलेलं. म्हणजे इतकी वर्षं सर्व्हिसिंगवाला गन लावायचा तेव्हा ग्रीस बाहेरच ओघळत होतं. आत जे होतं ते धूळ कालवलेलं काळं वाळवण, जे पिनीला वंगण देण्याऐवजी कानशीसारखं घासत होतं. आणि बुश आणि पिनीच्या मधे पत्र्याची एक बारीक पट्टी गुंडाळलेली. रॉकेलनं धुतली तर एका कडेला हिरवा रंग दिसला. डालड्याच्या डब्याचा पत्रा!

“कुठल्या गाढवानं हे घातलं असेल?” मी म्हणालो.

आबांनी पट्टी उजेडाला धरली. “मी घातलंय. निपाणीजवळ गाडी खडखडायला लागलेली. तू चौथीत होतास, मागं झोपलेलास. आठ दिवसांसाठी घातलेलं.”

मी चौथीत होतो त्याला सदतीस वर्षं झाली.

नवा बुश मिळवणं हा एक वेगळाच अध्याय. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर या गाडीचा कुठलाही भाग कोपऱ्यावर मिळायचा. २००३ मध्ये नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. फोटो छापून आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. आमच्यासारख्यांची हळहळ स्पेअरपार्टांसाठी होती. मुंबईहून मागवलेली बुशांची जोडी आली ती डुप्लिकेट. डबीतून काढून पिनीवर चढवली तर नवीकोरी असून डुगडुगत होती.

मग शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर वाढलेल्या या पेठेत लेथवर काय होत नाही, ते विचारावं. टर्नर मिस्त्री आबांच्या ओळखीचे. मी टेबलावर बुश ठेवला.

“पिन कुठाय?”

“पिन ठीक आहे मिस्त्री, बुशच झिजलाय.”

“पिन आणा.”

घरी जाऊन पिन आणली. त्यांनी मायक्रोमीटर एकदा उभा, एकदा आडवा लावला. एका बाजूनं पिन सहा थाऊ कमी भरली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरच्या भाषेत सगळी झीज जेमतेम पंधरा शतांश. पण लांबट पिनीवर गोल बुश बसवणं म्हणजे पुन्हा डालड्याचाच पत्रा. मिस्त्रींनी पिन आधी ग्राइंड करून गोल केली, म्हणजे ती बारीक झाली, आणि त्या मापानं गनमेटलचे दोन बुश कातले. आत तेलासाठी वळणदार खाच घेतली. बाहेरचं माप ब्रॅकेटच्या भोकापेक्षा केसभर जास्त ठेवलं, कारण बुश दाबूनच बसवायचा असतो. दाबला की तो आतून आवळतो. म्हणून आतलं भोक आधीच मापात आणायचं नाही, दोन्ही बुश बसवल्यावर एकाच सरळीत रीमर फिरवून आणायचं. गॅरेजमध्ये घाई होते ती इथंच. मिस्त्रींनी रीमर चार वेळा घातला, चारही वेळा पिन लावून पाहिली. पाचव्या वेळी तेलाचा थेंब टाकून पिन उभी सोडली, तर ती स्वतःच्या वजनानं, दूध उतू जाण्याआधी साय चढते तितक्या सावकाश, खाली गेली.

“झालं,” मिस्त्री म्हणाले. साडेसातशे रुपये.

जोडताना बॉक्सचा तो आवळलेला स्क्रू मागं घेतला, निपल नवं बसवलं आणि दोन्ही कडांतून स्वच्छ ग्रीस डोकावेपर्यंत गन मारली. अलाइनमेंट करून घेतली. प्ले आता बोटभर उरला; वर्म झिजलेला आहे, तेवढा राहणारच.

सकाळी सहाला रंकाळ्याकडं काढली. इतकी सरळ चालली, की माझाच विश्वास बसेना. मागं बसायचं सोडून आबा शेजारी बसले होते, हात मांडीवर. तांबट कमानीपाशी मी गाडी बाजूला घेतली आणि उतरलो. काही बोललो नाही. ते सरकले.

शंभर पावलं गेलो असू. गाडी डुलायला लागली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. फिरायला आलेल्या दोन बायका फूटपाथवर चढल्या. माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच खरं होतं? मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात थरथरत नव्हते. ते बेतशीर, अगदी तालात हलत होते. चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं. आणि गाडी आता त्यांचं प्रत्येक बोट ऐकत होती.

“आबा, हलवू नका. नुसतं धरून ठेवा.”

“मी कुठं हलवतोय?”

“बघा हातांकडं.”

त्यांनी पाहिलं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बराच वेळ तळ्याकडं बघत बसले. मग किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

“ही माझ्याकडं राहू दे,” म्हणाले. “सवय मोडायला आठ दिवस लागतील.”