घेर भागिले चार

‘‘तीन दिवस सुट्टी? गोवा का?’’

‘‘नाही, बेंगळुरू. लाकडाच्या एक्झिबिशनला. बाबांबरोबर.’’

आमच्या अख्ख्या क्युबिकलमध्ये दोन सेकंद शांतता आणि मग हशा. ‘‘फर्निचर घ्यायचंय का?’’ असंही कुणीतरी विचारलंच. फर्निचर वगैरे काही घ्यायचं नव्हतं हो. खरं सांगायचं तर मला बाबांना वखार विकायला लावायची होती.

पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये आमची छोटीशी वखार आहे. आजोबांनी सुरू केलेली. आजूबाजूला बहुतेक कच्छी पटेलांच्या वखारी, त्यामुळे बाबांना कच्छी घरच्यासारखी येते. त्यांच्या तरुणपणी ते बल्लारशा आणि आलापल्लीच्या डेपोत लिलावाला जायचे, सागाचे ओंडके घेऊन यायचे. मग दिवस बदलले. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाचा तो प्रसिद्ध गोदावर्मन आदेश आला आणि जंगलतोडीवर, आरागिरण्यांवर कडक बंधनं आली. 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, म्हणजे ‘बर्मा टीक’चाही बाजार आटला. आता साग येतो तो घाना, पनामा, इक्वेडोरच्या लागवडीतला. आणि गिऱ्हाईक? त्यांना प्लायवूड आणि एमडीएफ हवं असतं. तुमच्या-माझ्या फ्लॅटमध्ये खरं लाकूड असतंच कुठे? देव्हाऱ्यात, असलं तर!

बाबा त्रेसष्टचे. धुळीने खोकला, जोडीला शुगर. जागेला चांगली ऑफर आलेली. आणि बाबांच्या डोक्यात काय, तर लोन काढून नवं मशीन घ्यायचं. मी रीतसर एक्सेल शीट करून त्यांना दाखवलं. तीन वर्षांचा जमाखर्च, ईएमआय, सगळं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आधी मशीन तर बघून येऊ.’’

म्हटलं, चला, उत्तम. एवढाली मशिन्स बघितली की आपोआप डोळे उघडतील. मी उद्यान एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली.

‘इंडियावूड’ हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी बेंगळुरूला तुमकुर रोडवर भरतं. मी सांगतेय ती 2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. तेव्हा मेट्रो नागसंद्रापर्यंतच होती, पुढे रिक्षा. आत पाऊल टाकलं आणि मीच गार! विमानतळाएवढाले हॉल. एका टोकाला ओंडके कापायची यंत्रं, दुसऱ्या टोकाला मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या. मध्ये जर्मन आणि इटालियन कंपन्यांचे चकाचक स्टॉल. कॅनडावाले हेमलॉक आणि सीडरच्या फळ्या मांडून बसलेले. गळ्यात बॅज अडकवलेले यमुनानगरचे प्लायवूडवाले, पेरुंबावूरचे रबरवूडवाले आणि त्यांच्यात पांढऱ्या शर्टातले, खिशाला पेन लावलेले आमचे बाबा.

सीएनसी मशीनसमोर ते पंचवीस मिनिटं उभे होते. आठ बाय चारचा बोर्ड टेबलावर येतो. कुठला तुकडा कुठून काढला की कमीत कमी वाया जाईल, हे सॉफ्टवेअर आधीच ठरवतं. मग कापणी, भोकं, प्रत्येक तुकड्यावर बारकोड. शेजारच्या मशीनवर त्याच तुकड्याच्या कडेला गरम गोंदाने पट्टी चिकटते, घासली जाते, चकाकते. हे तर माझ्याच कामासारखं होतं, त्यामुळे मी उत्साहात समजावत होते. बाबांनी कड बोटाने चाचपली. ‘‘म्हणजे भुशाला पावडर-लिपस्टिक,’’ ते म्हणाले. सेल्समन मुलगा मनापासून हसला. बाबा मात्र हसले नाहीत. ‘‘पण काम झकास आहे हां,’’ असं त्यांनी त्याला मुद्दाम थांबून सांगितलं.

पुढच्या हॉलमध्ये एक फळी भिंतीला टेकवून ठेवलेली. बाबांनी सवयीने तळहात फिरवला, रेषा पाहिल्या, गाठीवरून अंगठा नेला. ‘‘ओक आहे. बाहेरचा. सुकवलाय पण छान.’’

स्टॉलवरची मुलगी गोड हसून म्हणाली, ‘‘सर, लॅमिनेट आहे.’’

छापलेल्या रेषांवर बरोब्बर तसाच खडबडीतपणा दाबून उठवतात. डोळ्याला दिसतं तेच हाताला लागतं. बाबांनी पुन्हा हात फिरवला. मग हात मागे घेऊन दुसऱ्या हातात धरला. चाळीस वर्षं त्या हातावर त्यांनी धंदा केला होता.

मला हेच तर हवं होतं ना? यासाठीच तर आणलं होतं मी त्यांना. पण त्या क्षणी मला त्या मुलीचा आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. ‘‘चहा घेऊ या?’’ एवढंच सुचलं.

चहानंतर मला वाटलं, आता म्हणतील परत जाऊ. पण ते सरळ कॅनडावाल्यांच्या स्टॉलवर गेले आणि हिंदी-इंग्रजीची खिचडी करत प्रश्न विचारायला लागले. लाकूड किती टक्क्यांपर्यंत सुकवता? किती दिवस लागतात? तिथल्या माणसाने एक छोटं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचायच्या. ओल्या लाकडातून वीज सहज जाते, कोरड्यातून अडखळत, त्यावरून आतला ओलावा कळतो. आकडा आला 11. तो माणूस म्हणाला, साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरलं की लाकूड आक्रसायला लागतं, म्हणून आधीच भट्टीत सुकवून ठेवायचं. बाबा मान डोलावत होते. फळीचं वजन हातात तोलून ते हेच इतकी वर्षं अंदाजाने सांगत आलेत. आता त्याला आकडा मिळाला होता.

दिवसभर फिरून आमची खरेदी काय, तर तसलंच एक मीटर. माझ्या बुटांपेक्षा स्वस्त.

परतीच्या ट्रेनमध्ये मी वरच्या बर्थवर झोपायच्या तयारीत होते. खालून आवाज आला, ‘‘मला घाबरवायला आणलं होतंस ना?’’

मी खाली उतरले. खोटं बोलणं जमलंच नाही. ‘‘हो.’’

‘‘घाबरलो थोडा. त्या लॅमिनेटला तर पारच फसलो. ते मोठं मशीन आपलं काम नव्हे, हेही कळलं. पण पावसाळ्यात दारं फुगतात म्हणून लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. त्यांना सुकवलेलं लाकूड थोडं-थोडं देणारं किती जण आहेत आपल्याकडे? तुझ्या त्या शीटमध्ये हा रकाना नव्हता.’’

नव्हताच. मी फक्त ‘विकणे’ आणि ‘मशीन घेणे’ असे दोनच पर्याय मांडले होते.

शीट आता पुन्हा केलंय. आकडे अजूनही फार गोंडस नाहीत. जागेची ऑफर उभी आहे, आईचा पाठिंबा त्या ऑफरला आहे आणि खोकलाही आहेच. आम्ही एक मुदत ठरवलीय. तोवर भाड्याच्या भट्टीत माल सुकवून विकून बघायचा, नाहीच जमलं तर बाबा स्वतः सही करणार. हे त्यांनीच सांगितलं, मी नाही.

दर शनिवारी मी वखारीत हिशेब बघायला जाते. परवा एक ओंडका मोजत होते. घेर चार फूट, लांबी दहा. मोबाइलवर वर्तुळाचं सूत्र लावून मी ऐटीत सांगितलं, ‘‘12.7 घनफूट.’’

‘‘दहा,’’ बाबा म्हणाले. ‘‘घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी.’’

‘‘पण मग एकवीस टक्के कुठे गेले?’’

‘‘गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढताना ते जाणारच की,’’ असं म्हणून त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. ‘‘चल, पुढचा घे.’’