संशयाचा फायदा

वकिलाचा धंदा आणि कादंबरीकाराचा धंदा यांत फारसे अंतर नाही, असे आमची चेष्टा करणारे लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. दोघेही गोष्टी रंगवून सांगतात. फरक इतकाच की, कादंबरीकार आपल्या पुस्तकातली सर्व पात्रे काल्पनिक असल्याची कबुली पहिल्याच पानावर देऊन मोकळा होतो. ही कोटी बेळगावच्या वकीलखोलीत मी इतक्या वेळा ऐकली आहे की, तिला हसणे हा आता केवळ शिष्टाचार उरला आहे. पण मला विचाराल, तर वस्तुस्थिती अगदी उलट आहे. रहस्यकथेचा लेखक शेवट आधी ठरवतो आणि मग तेथून सुरुवातीकडे चालत येतो. वकिलाला शेवट माहीत नसतो. आणि खटला संपून कागद दप्तरदाखल झाल्यावरही पुष्कळदा तो कळत नाही. म्हणूनच जो मनुष्य दिवसा वकील आणि रात्री रहस्यकथाकार असतो, त्याच्या मनात या दोन वृत्ती एकाच घरात कशा नांदत असतील, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

असा एक मनुष्य अर्ल स्टॅन्ली गार्डनर. त्याचे नाव ज्यांना आठवणार नाही त्यांनाही त्याचा मानसपुत्र पेरी मेसन आठवेल. माझ्या तरुणपणी भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत त्याच्या कोपरे झिजलेल्या पुस्तकांची रास असे. झुंजार आणि काळा पहाड यांच्या सहवासात वाढलेल्या आम्हां मुलांना हा नवा नायक प्रथम थोडा निराळाच वाटला. तो वेष पालटत नसे, गच्चीवरून उड्या मारीत नसे. तो केवळ प्रश्न विचारी. आमच्यापैकी कितीजण त्या प्रश्नांच्या मोहाने वकिलीकडे वळले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, कायद्याच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी मेसनची वीस-पंचवीस पुस्तके मी वाचून संपवली होती.

गार्डनरचा जन्म १८८९ साली मॅसॅच्युसेट्समधील मॉल्डन येथे झाला, पण तो वाढला पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियात. कायद्याच्या महाविद्यालयात तो जेमतेम महिनाभर टिकला. मुष्टियुद्धाच्या नादापायी तेथून त्याला बाहेर पडावे लागले. मग वकिलांच्या कचेऱ्यांत काम करीत त्याने कायदा आत्मसात केला आणि १९११ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सनद मिळवली. ऑक्सनार्ड नावाच्या लहानशा गावात त्याने बस्तान बसवले. तेथे त्याचे अशील कोण? तर मुख्यतः चिनी दुकानदार आणि मजूर, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत ज्यांची बाजू घेणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे असे लोक. एक हकीकत त्याच्या चरित्रात सांगतात. लॉटरीच्या तिकिटांवरून पोलीस चिनी दुकानदारांची धरपकड करणार, असा त्याला सुगावा लागला. त्याने एका दुकानदाराला दुसऱ्याच्या दुकानात बसवले आणि दुसऱ्याला तिसऱ्याच्या! पोलिसांनी दुकान पाहून माणूस ओळखला आणि नाव-माणसाचा मेळ न बसल्याने सरकार पक्षाची फजिती झाली. पुढे मेसनने न्यायालयात केलेल्या कित्येक करामतींचे बीज या एका प्रसंगात आहे. साक्षीदार जे पाहिले म्हणून सांगतो, ते बहुधा त्याला अपेक्षित असलेले असते, हे मर्म गार्डनरने पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याला ऑक्सनार्डच्या बाजारात उमगले होते.

लेखनाकडे तो वळला तो वयाच्या तिशीनंतर. दिवसभर व्हेंचुरा येथील न्यायालयात उभे राहायचे आणि रात्री चार हजार शब्द लिहूनच उठायचे, असा त्याचा अनेक वर्षे नेम होता. १९२१ साली स्वस्त मासिकांत त्याच्या गोष्टी छापून येऊ लागल्या आणि १९३३ साली पेरी मेसनची पहिली कादंबरी निघाली. पुढे मेसनच्या ऐंशींहून अधिक कादंबऱ्या झाल्या. कथानके जुळवण्यासाठी त्याने पुठ्ठ्याची फिरती चक्रे तयार केली होती, असेही प्रसिद्ध आहे. साहित्याच्या दृष्टीने या पुस्तकांची किंमत काय, हा वाद मी येथे घालणार नाही. भाषा रोखठोक, स्वभावचित्रण बेताचे. पण त्यांतला कायदा पक्का आहे. १९३९ साली ए. ए. फेअर या टोपणनावाने त्याने लिहिलेल्या कादंबरीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आरोपी सोपवण्याच्या कायद्यातील एका फटीवर सारे कथानक उभे केले आहे. ती फट खऱ्या कायद्यातली होती.

मेसनच्या कादंबऱ्यांतील न्यायालयाचे प्रसंग पुष्कळदा ज्यूरीपुढचे नसून त्याआधीच्या प्राथमिक चौकशीतले असतात, हे वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. तेथे केवळ न्यायाधीश असतो, कामकाज झटपट चालते आणि बचावाच्या वकिलाला अचानक डाव टाकायला मोकळीक असते. आपल्याकडेही सत्र न्यायालयाकडे खटला सोपवण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे अशी चौकशी होत असे. १ एप्रिल १९७४ रोजी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली आणि ती चौकशी संपली. मी सनद घेतली ती त्यानंतर वर्षाने. म्हणजे माझ्या नायकाचे रणांगण मी पोचण्यापूर्वीच मोडले होते!

आणि त्या रणांगणावरचा तो सुप्रसिद्ध शेवट! मेसन प्रश्नामागून प्रश्न टाकतो, साक्षीदाराचा चेहरा पांढराफटक पडतो आणि तो ओरडतो की, खून मीच केला. पन्नास वर्षांच्या वकिलीत असा साक्षीदार मला एकही भेटला नाही. साक्षीदार फितूर होतात, विसरतात, खोकतात, पाणी मागतात. कबुली देत नाहीत. दिली तरी काय होणार? १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे साक्षीदाराला उत्तर देणे भागच पाडले, तर ते उत्तर, खोट्या साक्षीचा आरोप सोडून, पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येत नसे. तो कायदा १ जुलै २०२४ रोजी बदलला, पण हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. मेसनचा विजय आमच्या न्यायालयात त्यामुळे अर्धाच ठरला असता.

तथापि त्या शेवटाबद्दल माझी खरी तक्रार निराळी आहे. खानापूर भागातल्या एका मजुराचा खटला माझ्याकडे आला होता. एका जमीनदाराचा खून झाला होता आणि दोघा साक्षीदारांनी आरोपीला त्या सायंकाळी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिले होते. मी एका मोठ्या कागदावर प्रत्येकाने सांगितलेली वेळ आणि जागा मांडली. एकाने आपल्या मराठीत ‘दिवेलागणीला’ असे सांगितले होते. कन्नडात उतरलेल्या जबानीत त्याचे नुसते ‘संध्याकाळी’ झाले होते. न्यायाधीशांना विनंती करून तो मूळ शब्द मी नोंदवून घेतला. कारण संध्याकाळ तीन तासांची असते, दिवेलागण घटकाभराची. दुसऱ्याने वेळ सांगितली होती ती वस्तीची गाडी येण्याच्या बेताची, म्हणजे त्या दिवसांत तीच घटका. दोघेही खरे बोलत असतील, तर माझा अशील एकाच घटकेत तीन मैलांवरच्या दोन ठिकाणी उभा होता. तो सुटला. निकालात शब्द होते: ‘संशयाचा फायदा देऊन.’

न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याच्याच मेहुण्याने मला विचारले, “साहेब, सुटला हे बरं झालं. पण मग मारलं कुणी?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते; ते देणे हे माझे कामही नव्हते. खुनी पुढे कधीच सापडला नाही. गावाने त्या मजुराला कामावर बोलावणे हळूहळू बंद केले आणि वर्षाच्या आत तो बायकामुलांसह घाट उतरून गोव्याकडे निघून गेला. कायद्याने त्याला निर्दोष मानले होते. शेजाऱ्यांना त्याच्या जागी दुसरा कोणी दोषी हवा होता. मेसनच्या प्रत्येक पुस्तकात असा दुसरा माणूस शेवटच्या प्रकरणात हजर असतो. एकाचे निर्दोषत्व दुसऱ्याच्या अपराधाने सिद्ध झाल्यावाचून मनाचे समाधान होऊ नये, ही सवय रहस्यकथेने आपल्याला लावली की आपल्यातच ती होती म्हणून रहस्यकथा तशी झाली, हे सांगणे कठीण आहे.

हे गार्डनरला कळत नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. विल्यम लिंडली नावाच्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे कागदपत्र त्याच्याकडे आले, तेव्हा त्यानेही प्रत्येक साक्षीदाराच्या वेळा जुळवून पाहिल्या, त्या जुळत नाहीत असे दाखवून दिले आणि वरिष्ठांकडे लिहिले. फाशी टळून शिक्षा जन्मठेपेवर आली. मग १९४८ साली ‘आर्गसी’ मासिकाच्या साहाय्याने त्याने ‘कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट’ म्हणजे अखेरच्या दादेचे न्यायालय सुरू केले. वैद्यक जाणणारे, गुप्त पोलिसी काम केलेले तज्ज्ञ त्यात होते आणि अन्यायाने तुरुंगात पडलेल्यांचे जुने खटले ते पुन्हा तपासत. क्लॅरन्स बॉगी नावाचा लाकूडतोड्या अशा प्रयत्नांनी त्याच वर्षी सुटला. या कामावरचे त्याचे पुस्तक १९५२ साली निघाले. कीर्ती आणि पैसा ज्याच्या पायाशी होता, अशा माणसाने कादंबऱ्यांतून काढलेला वेळ अनोळखी कैद्यांच्या पत्रांना दिला. तेथे चक्रे फिरवून शेवट जुळवता येत नव्हता. कधी माणूस सुटे, कधी केवळ फास सुटे.

१९७० साली गार्डनर वारला. त्याच्या कादंबऱ्या मी आजही हाती घेतो आणि आनंदाने वाचतो. प्रवासात त्यांच्यासारखा सोबती नाही. फक्त शेवटच्या प्रकरणाशी आलो की वाटते, येथे कोणीच उठून कबुली दिली नसती, सरकार पक्षाचा पुरावा अपुरा एवढेच म्हणून न्यायाधीश उठले असते, तर मेसनच्या अशिलाला आपण वाचकांनी घरी जाऊ दिले असते काय? संशयाचा फायदा देण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधीशाला दिला आहे. शेजाऱ्याला तो द्यायला कोणत्याही कायद्याची मनाई नाही.