तबकडीचा उजेड

सरकारी पत्रव्यवहारात ‘मी’ नावाचा प्राणी आढळत नाही. तेथे मत असते ते कार्यालयाचे, विलंब होतो तो अपरिहार्य कारणांमुळे, आणि चूक झालीच तर ती अनवधानाने होते. बारा वर्षे असले मसुदे लिहून लिहून आम्हांला स्वतःविषयी बोलतानाही ‘आम्ही’च सुचते. यात बडेजाव नाही. बडेजाव मिरवावा असे आमच्यापाशी आहे तरी काय? बंगळूरच्या एका केंद्रीय कचेरीत खिडकीपासून दूरचे एक मेज, वसाहतीत दोन खोल्यांचे घर, आणि घरासमोरच्या सोनमोहराखाली उभी असलेली एक पांढरी मारुती आठशे. तीही आमची नव्हे, नानांची.

ती येथे कशी आली ते सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि नाना मिरजेच्या घरात एकटे राहू लागले. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकविलेला माणूस. कोणाच्या आधाराने राहणे त्यांच्या हिशेबात बसत नाही. ‘इकडे या’ म्हणून आम्ही दर आठवड्याला फोन करावा आणि त्यांनी हवापाण्यावर बोलून तो ठेवावा, असे पुष्कळ दिवस चालले. गेल्या दसऱ्याला मात्र ते म्हणाले, “गाडी येत असेल तर मी येतो.” ती २००४ सालची गाडी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी घेतलेली. आईला दर शनिवारी नरसोबाच्या वाडीला नेणारी. आम्ही रजा टाकली, मिरजेस गेलो, आणि बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करीत सहाशेच्या आसपास किलोमीटरांचा प्रवास करून नाना आणि गाडी या दोघांनाही घेऊन आलो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर येथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्या ना-हरकत प्रमाणपत्राची कथा आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बहुतेकांनी ती स्वतः भोगलेली असेल.

बेळगावपर्यंत गाडी नानांनीच चालविली, आणि उत्तम चालविली. पुढे चाक आमच्याकडे आले. शिरा गावाजवळ दिवेलागण झाली तेव्हा शेजारी बसलेले नाना पुढे वाकून म्हणाले, “मीटरचा काटा दिसत नाही रे. वेग किती आहे, सांग बघू.” आम्ही पंचावन्न म्हणून सांगितले. “मिरजेत दोनदा बल्ब बदलला,” ते म्हणाले, “पण उजेड काही पडत नाही.”

हे गाऱ्हाणे आम्हांला नवे नव्हते. वर्षभर आम्ही ते फोनवर ऐकत होतो आणि चांगल्यातला बल्ब घालावयास सांगत होतो. वस्तुस्थितीही नानांच्या बाजूची वाटे. या गाडीच्या मीटरमागे एक इवलासा दिवा असतो. त्याचा पिवळट प्रकाश कडेकडेने झिरपत तबकडीवर येतो. आम्ही एलईडीचा दिवा घालून पाहिला, तो मध्यावर एक पांढरा डाग पडला आणि कडेचे आकडे अधिकच अंधारात गेले. तेव्हा आम्ही ठरविले, की उजेड मागून आणण्याऐवजी तबकडीच स्वतः उजळणारी बसवावी.

अशा तबकड्या मिळतात हे आम्हांला कॉलेजच्या दिवसांपासून ठाऊक होते. त्या काळी हौशी मुले आपल्या गाड्यांत निळ्या-हिरव्या प्रकाशाची मीटरे बसवीत आणि रात्री गावातून उगीच चकरा मारीत. हौस पोरकट असली तरी तीमागचे शास्त्र पोरकट नव्हे. जस्ताच्या गंधकी संयुगाची पूड दोन विद्युत्‌वाहक थरांमध्ये धरून तीतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला तर ती न तापता प्रकाश देते, हे देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखविले. १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या काही मोटारींची मीटरे याच रीतीने उजळली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातील संगणकाचे आकडेही याच प्रकाशाने दिसत. १९९२ साली तो टायमेक्सच्या मनगटी घड्याळांत आला. चंद्रावर जाऊन आलेली वस्तू मिरजेच्या मारुतीस का चालू नये, असा आमचा युक्तिवाद होता.

जे. सी. रोडवर मोटारींच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत. पहिल्या सहा दुकानदारांनी माना हलविल्या. सातव्याने शिडी लावली, वरच्या फळीवरून धुळीने माखलेले एक पाकीट काढले आणि पदराने पुसावे तसे सदऱ्याच्या टोकाने पुसले. “सार्, पंधरा वर्षांपूर्वी पोरे हे मागत असत,” तो कन्नड वळणाच्या हिंदीत म्हणाला. “आता कोणी विचारीत नाही. तुम्हांला कशाला?” आम्ही वडिलांसाठी म्हणून सांगितले, तेव्हा त्याने आमच्याकडे निरखून पाहिले आणि पाचशेचे साडेतीनशे केले.

बसविण्यापूर्वी कारकुनी स्वभावाला अनुसरून आम्ही कायदा पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या नोंदणी-पुस्तकातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. नोंदणी-पुस्तकात तबकडीच्या रंगाचा उल्लेख नाही, अशी खात्री करून घेऊनच आम्ही रविवारी दुपारी पेचकस हाती घेतला.

प्रथम बॅटरीची तार सोडविली. मग मीटरभोवतीची चौकट काढली. तिचा एक स्क्रू गाडीच्या पोटात कोठेतरी गडप झाला, तो आजतागायत तेथेच आहे. मीटर पुढे ओढून मागची केबल सोडविली. ही केबल म्हणजे गिअरपेटीपासून आलेली फिरती दोरी. तिच्या टोकाशी एक लोहचुंबक फिरतो. त्याच्यालगत, पण त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीत प्रवाह निर्माण होऊन तीही त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. या दोघांच्या रस्सीखेचीत वाटी जेथे थांबेल तेथे काटा थांबतो. ऑटो शुल्झ याने १९०२ साली घेतलेल्या पेटंटचे हे तत्त्व. आम्ही ते नानांना उत्साहाने सांगू लागलो. सोनमोहराखाली खुर्ची टाकून बसलेले नाना म्हणाले, “नववीच्या मुलांना मी हे शिकवीत असे. विज्ञानाचे मास्तर रजेवर असले म्हणजे.”

खरी कसोटी काटा काढण्याची. तो एका नाजूक दांडीवर घट्ट बसविलेला असतो. तिरका ओढला तर दांडी वाकते आणि मीटर कायमचे बाद होते. दोन चमचे दोन बाजूंनी खाली सरकवून सारख्या जोराने उचलावा लागतो. शिवाय शून्यावर टेकलेला काटा खरोखर शून्यावर नसतो. तेथील लहानशा खिळीने त्याला अडविलेले असते. खिळीवरून त्याला अलगद पलीकडे सोडले म्हणजे तो आणखी खाली जाऊन आपल्या खऱ्या विसाव्याला पोचतो. ती जागा खुणेने टिपून ठेवावयाची आणि परत बसविताना काटा नेमका तेथेच बसवावयाचा. आम्ही हे सारे यथासांग केले. श्वास रोखून पेन्सिलीची बारीक खूण केली, चमच्यांनी काटा उचलला (“अहो, चहाचे चमचे कोठे गेले?” हा घरातून आलेला प्रश्न आम्ही ऐकला नाही), नवी तबकडी मोठ्या समाधानाने चिकटविली, आणि मग ध्यानात आले की आमची खूण जुन्या तबकडीवर होती आणि जुनी तबकडी आता नव्या तबकडीखाली होती.

नानांना ते आमच्या आधी कळले होते. ते काही बोलले नाहीत. वर्गात चुकीचे गणित फळ्यावर पूर्ण होऊ देण्याची त्यांची जुनी रीत आहे.

काटा अंदाजाने बसविला. तबकडीपासून निघालेल्या दोन तारा काडेपेटीएवढ्या इन्व्हर्टरला जोडल्या. गाडीचा बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह तो चढवून प्रत्यावर्ती करतो. तारा जोडताना बोटाला असा चटका बसला, की शास्त्रावरील आमची श्रद्धा दृढ झाली. संध्याकाळी दिवे लावले. डासासारखी एक बारीक कुणकुण सुरू झाली आणि मीटर उजळले. निळसर हिरवे, कोठे डाग नाही, कोठे सावली नाही, प्रत्येक आकडा जणू पाण्यात तरंगतो आहे. आमची मुलगी टाळ्या वाजवू लागली. नाना चालकाच्या जागी जाऊन बसले आणि शून्यापासून एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, परवचा म्हणावा तसे. शेवटच्या आकड्यावर थांबून म्हणाले, “स्वच्छ.”

त्यानंतरचे दोन रविवार काटा ताळ्यावर आणण्यात गेले. पहाटे नाइस रोडवर आम्ही गाडी चालवावी आणि सौ.ने फोनवर उपग्रहाकडून आलेला वेग वाचावा. पहिल्या खेपेस मीटर पन्नास म्हणत होते आणि फोन बासष्ट. कमी दाखविणारे मीटर हे खुशामत करणाऱ्या हाताखालच्या माणसासारखे. अपघात होईपर्यंत सारे आलबेल. पुन्हा चमचे, पुन्हा श्वास रोखणे. तिसऱ्या खेपेस मीटर सर्वत्र सारखेच चार जास्त दाखवू लागले. “चार वजा करीत जा,” नाना म्हणाले. “जास्त दाखविते ते बरे. आता हात लावू नकोस.”

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी किल्ली मागितली. “वसाहतीतच एक फेरी मारतो.” आम्ही शेजारी बसलो. रस्ता मोकळा होता. नाना ताठ बसून चालवीत होते; मधूनमधून मीटरकडे पाहून समाधानाने मान हलवीत होते. “वीस. म्हणजे सोळा,” ते म्हणाले, आणि त्याच क्षणी डावीकडच्या गल्लीतून आलेला पहारेकऱ्याचा सायकलस्वार आमच्या अगदी पुढ्यात होता. आम्ही हाताचा ब्रेक ओढला. गाडी गचका खाऊन बंद पडली. सायकल आडवी झाली, माणूस उभा राहिला. त्याला काही लागले नव्हते. त्याने कन्नडमध्ये जे सुनावले ते आम्ही त्याच्या हक्काचे समजून ऐकून घेतले.

“हा आला कोठून?” नाना म्हणाले.

“डावीकडून, नाना. दिव्याखालून येत होता. बराच वेळ.”

त्यांनी किल्ली फिरविली, दिवे मालविले. कुणकुण थांबली. अंधारात बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.

नेत्रचिकित्सकाने त्यांना एका यंत्रापुढे बसविले. समोर ठिपका चमकला की बटण दाबावयाचे. जो कागद बाहेर आला त्यावर कडांनी काळे दाटून आले होते आणि मधला भाग तेवढा पांढरा राहिला होता. काचबिंदू, पुष्कळ दिवसांचा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकविता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. मंद उजेडात आकडे न दिसणे हेही त्याचेच लक्षण. नानांनी तो कागद उलटसुलट करून आलेख तपासावा तसा तपासला आणि घडी करून खिशात ठेवला.

आम्हांला मात्र त्या काळ्या भागात मिरज-सांगली रस्ता दिसत होता. त्यावरून नाना किती संध्याकाळी एकटे आले-गेले, शाळेतून सुटलेली किती मुले सायकलींवरून त्यांच्या डावीकडून गेली, याची नोंद कोठेही नाही. आणि त्या दिवसांत आम्ही येथे बसून फोनवर सांगत होतो, की चांगल्यातला बल्ब घाला.

त्यांच्या परवान्याची मुदत येत्या आषाढात संपते. या वयात तो पाच-पाच वर्षांनी नवा करावा लागतो आणि सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. अर्ज आम्ही छापून आणला आहे. तो मेजाच्या खणात आहे, हे नानांना ठाऊक आहे. ते मागत नाहीत आणि आम्ही काढून देत नाही. गाडी आता आम्ही चालवितो. रात्री कोठे जावयाचे झाले तर तेच आधी जाऊन डाव्या बाजूला बसतात, थेंबांची बाटली खिशात असते. मीटर उजळले की थोडे उजवीकडे वाकतात आणि वाचतात,

“पन्नास. म्हणजे शेहेचाळीस.”