वेळेची घासाघीस

पिरम बेटावर जाण्यासाठी मचवा ठरवला, तेव्हा भाड्यावरून मी ताणलं नाही. ताणलं ते वेळेवरून. घोघ्याचा तांडेल फोनवर म्हणाला, "बेन, पहाटे चारला बंदरावर या." बरोबर मुलं, यजमानांची सत्तरी ओलांडलेली आत्या आणि पुण्याहून आलेलं माझ्या भावाचं कुटुंब. एवढ्या पहाटे ही सगळी मंडळी उठवायची कशी, म्हणून मी दहाची वेळ मागितली. तो नाही म्हणाला. मी आग्रह धरला, दिवसभराचे पूर्ण पैसे देतो आहोत हे ऐकवलं आणि शेवटी "दहाला या, मग पाणी बघू" एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं. त्या सहलीत पुढे जे जे बिघडलं, त्याचं मूळ या फोनमध्ये आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सुरतेला घोघा आता फार जवळ आलं आहे. हजीरा ते घोघा ही गाड्या नेणारी फेरी ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली आणि रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रातून ९० किलोमीटरवर आला. आपली गाडी बोटीत चढवायची, डेकवर चहा घ्यायचा आणि काही तासांत सौराष्ट्रात उतरायचं. उधन्याची, लिंबायतची मराठी कुटुंबंही सुट्टीत असा प्रवास करतात. आम्हीही तसेच शुक्रवारी गेलो. घोघ्याच्या टर्मिनलवर गाडी एका लांबलचक पोलादी पुलावरून किनाऱ्यावर येते. हा पूल पाण्याबरोबर वर-खाली होतो. मुलांनी त्याचे फोटो काढले. एवढा मोठा हलता पूल इथे का बांधावा लागला, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. मोठी बोट वेळेवर सुटते आणि वेळेवर लागते, हे पाहून समुद्रही वेळापत्रकानेच चालतो, असं मी धरून चालले.

हा समज एका जुन्या सहलीत पक्का झाला होता. काही वर्षांपूर्वी आम्ही माल्टाला गेलो होतो. तिथे एक छोटी खासगी बोट दिवसभरासाठी घेऊन कोमिनो बेटावर गेलो. माल्टा आणि गोझो यांच्या मधलं हे साडेतीन चौरस किलोमीटरचं बेट, तिथलं निळं स्वच्छ पाणी, १६१८ मध्ये बांधलेला टेहळणी बुरूज. निघायची वेळ आम्ही ठरवली, परतायचीही आम्हीच ठरवली. सकाळी बोट धक्क्याला ज्या पायरीशी होती, संध्याकाळी जवळपास त्याच पायरीशी लागली. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी फार थोडी. अटलांटिकची भरती आत यायला वाट आहे ती जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीची, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. व्हेनिससारखे काही अपवाद सोडले, तर त्या समुद्रात पाणी वीत-दोन वीतच वर-खाली होतं. तिथल्या बोटवाल्याला वाऱ्याची काळजी असते, पाण्याच्या उंचीची फारशी नसते. खासगी बोट घेतली की दिवस आपला, हे मी तिथे शिकले आणि तेच घेऊन खंभातच्या आखातात आले.

दुसरा समज माहेरचा. मी हर्णैची. भरती कधी हे काढायचा हिशेब आमच्याकडे पोरासोरांना येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला. मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला हा हिशेब बराचसा जुळतो. मार्गशीर्षातली पौर्णिमा त्या वर्षी शनिवारी आली होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दहाला निघालं तर भरतीच्या पाण्यावर निघू, असं मी घरच्यांना समजावून सांगितलं. समुद्राकाठची मुलगी म्हणून माझ्या शब्दाला घरात वजन होतं. त्या वजनामुळेच कुणी उलट प्रश्न केला नाही.

इथे दोन गोष्टी मला ठाऊक असायला हव्या होत्या. भरतीची लाट खुल्या समुद्रातून आखातात शिरते आणि वर चढत जाते. मुंबईला भरती पूर्ण झाली की घोघ्याला व्हायला आणखी काही तास जातात. पाऊणपटीचा हिशेब खरा आहे, पण तो आमच्या किनाऱ्याचा आहे. दुसरी गोष्ट उंचीची. खंभातचं आखात तोंडाशी रुंद, आत अरुंद आणि उथळ. आत येणारं पाणी दाबलं जाऊन उंच चढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भावनगरजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत १० मीटरहून जास्त फरक पडतो. तीन मजली इमारत सहा तासांत बुडावी आणि पुढच्या सहा तासांत उघडी पडावी, असा हा खेळ. हर्णैच्या उधाणाला याच्या निम्माही फरक नसतो. भावनगरच्या बंदराला जहाजं तरंगती ठेवण्यासाठी पाणी अडवणारा दरवाजा आहे, तो याचसाठी. अलंगला १९८३ पासून मोडीत काढायची जहाजं थेट किनाऱ्यावर चढवतात, तीही याच उधाणाच्या जोरावर. अलंगचं नाव सुरतेत कोणाला माहीत नाही? मलाही होतं. पण त्या माहितीचा माझ्या मचव्याशी संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी दहाला बंदरावर पोहोचलो तर समोर समुद्र नव्हता. लांबपर्यंत करडा चिखल पसरला होता आणि आमचा मचवा त्या चिखलात कुशीवर कलंडून पडला होता. तांडेलाने दोष दिला नाही. त्याने त्याची पहाटेची वेळ समजावून सांगितली. पहाटे पाणी पूर्ण भरलेलं असतं तेव्हा निघायचं, उतरत्या पाण्याबरोबर दक्षिणेला बेटाकडे जायचं आणि दुपारी पाणी पुन्हा चढू लागलं की त्याच्याच जोरावर घोघ्याला परतायचं. जाताना ओहोटी नेते, येताना भरती आणते. मी ठरवलेल्या वेळेत दोन्ही उलटं होतं.

त्याच वेळी सहल रद्द करून भावनगरला हॉटेलात परतायला हवं होतं. मी तसं केलं नाही. बेटावर जायच्या परवानगीचे कागद हातात होते, भाऊ पुण्याहून आला होता, मुलं हिरमुसली होती. दीडच्या सुमाराला मचवा तरंगला. तांडेल म्हणाला, उतरायचं, दीपगृह बघायचं आणि भरती पूर्ण होताच लगेच फिरायचं. मी हो म्हटलं.

पिरम हे काही साधं बेट नाही. चौदाव्या शतकात मोखडाजी गोहिल इथून राज्य करत होता आणि तुघलकाच्या सैन्याशी लढताना तो पडला. दर्यावर्दी अजून त्याला मानतात. आमच्या खलाशांनीही बेट दिसताच हात जोडले. १८३६ मध्ये इथे प्राचीन प्राण्यांच्या हाडांचे जीवाश्म सापडले. जिराफाच्या कुळातल्या एका अवाढव्य, आता नष्ट झालेल्या प्राण्याला ब्रामाथेरियम हे नाव मिळालं ते इथल्याच अवशेषांवरून. हे सगळं मी वाचून गेले होते आणि मुलांना वाटेत सांगितलं होतं.

हे जीवाश्म ज्या खडकात सापडतात, तो किनाऱ्यावर पाणी ओसरलं की उघडा पडतो. भरती पूर्ण झाली, तांडेलाने हाक मारली, आणि त्याच सुमाराला पाणी मागे सरकू लागलं. ओल्या खडकाचा एकेक पट्टा दिसू लागला. मुलं वाकून वाकून शोधत होती. काही उचलून न्यायचं नाही, नुसतं बघायचं, असं त्यांना बजावलं होतं आणि ती ते पाळत होती. मी तांडेलाला म्हटलं, "भाऊ, थोडा वेळ." त्याने पुन्हा हाक मारली, मी पुन्हा थोडा वेळ मागितला. पाणी जसं उतरत होतं तसा मला आनंद होत होता, कारण नवा खडक दिसत होता. त्याच उतरत्या पाण्याबरोबर आमची परतीची वाट बंद होत होती. तांडेलाने तिसऱ्यांदा हाक मारली नाही. तो स्वतः येऊन मुलांना हाताला धरून घेऊन गेला.

निघालो तेव्हा सूर्य मावळत होता. घोघा उत्तरेला, ओहोटीचा लोंढा दक्षिणेला. इंजिन पूर्ण जोरात चालत होतं, तरी किनाऱ्यावरचे दिवे कितीतरी वेळ जागचे हलत नव्हते. घोघ्यासमोर पोहोचलो तेव्हा बंदराच्या वाटेत पाणीच उरलं नव्हतं. तांडेलाने खोल पाण्यात नांगर टाकला आणि किनाऱ्यावर फोन करून कळवलं. भाऊ म्हणाला, एवढंसं तर अंतर आहे, चिखलातून चालत जाऊ. तांडेल पहिल्यांदा आवाज चढवून बोलला: या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो, आणि परतीचं पाणी रुतलेल्या माणसाला वेळ देत नाही. कुणीही खाली पाय ठेवायचा नाही.

आता मध्यरात्र उलटेपर्यंत थांबायचं होतं. डिसेंबरचा वारा, उघडा मचवा, आणि दुपारच्या सहलीचे पातळ कपडे. पिण्याचं पाणी संपत आलेलं. आत्यांच्या रात्रीच्या गोळ्या हॉटेलात राहिल्या होत्या. बायकांची लघवीची अडचण झाली. आत्यांना ती सहन करावी लागली आणि त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मला आजही लागतं. खलाशांनी त्यांच्या शिदोरीतले बाजरीचे रोटले मुलांना वाटले आणि त्यांच्या गोधड्या आत्यांना दिल्या.

त्या थंडीत बसल्या बसल्या मला सगळ्यात भयंकर चूक दिसली. मोठ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट होती. दोन लहान मुलांच्या मापाची जॅकेट मचव्यावर नव्हतीच. मोठ्या मापाची त्यांच्या खांद्यांवरून घसरत होती, म्हणून मी दुपारीच ती काढून बाजूला ठेवू दिली होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यांतल्या अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हती. ती बातमी आली तेव्हा मी कितीतरी वेळ सुन्न होते. आमच्या मचव्याला त्या रात्री काही झालं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य होतं. तांडेलाने नांगर योग्य जागी टाकला होता, एवढंच.

रात्री दोनच्या सुमाराला पाणी चढलं आणि आम्ही धक्क्याला लागलो. आत्यांना आठवडाभर खोकला राहिला. मुलं सुखरूप होती. मी तांडेलाला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ लागले. त्याने फक्त डिझेलचे जादा घेतले.

या सहलीचा मी पुष्कळ विचार केला. अज्ञान ही माझी मुख्य चूक नव्हती. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, हैदराबादचं इन्कॉइस समुद्राचे अंदाज देतं, आणि ज्याला हे सगळं तोंडपाठ होतं तो माणूस फोनवर माझ्याशी बोलत होता. माहिती माझ्यापर्यंत आली होती. मी तिला सवलत मागितली. पहाटे चार ही वेळ त्याच्या सोयीची आहे, असं मी मानलं. ती पाण्याची वेळ होती आणि ती बदलण्याचा अधिकार त्यालाही नव्हता. गिऱ्हाइकाचं मन राखण्यासाठी तो नमला, यातला दोष मी त्याच्यावर टाकणार नाही. ज्याचं पोट आपल्या भाड्यावर आहे, त्याला आपण नकार देणं अवघड करून ठेवतो.

ज्या आखातात एके काळी परदेशी जहाजं तापीच्या उथळ मुखात न शिरता सुवाळीला नांगर टाकत आणि माल लहान होड्यांनी सुरतेला येई, त्या आखाताकाठी आपण राहतो. इथल्या व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाण्याचं वेळापत्रक पाळलं. आपण दोन तासांच्या झोपेसाठी ते मोडायला निघतो.

म्हणून पिरमला किंवा कुठल्याही बेटावर मचवा करून जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलांच्या मापाची जॅकेट घरून न्या आणि ती परत येईपर्यंत अंगावरून उतरू देऊ नका. सहल दिवसाची असली तरी रात्रीची औषधं, गरम कपडे, जास्तीचं पाणी जवळ असू द्या. किनारी संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक मोठ्या माणसाच्या फोनमध्ये हवा. उधाणाच्या तिथीला जायचा हट्ट करू नका, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, त्याचा जोर कमी असतो. आणि तांडेलाला भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारा: निघायचं कधी, आणि परतायची शेवटची वेळ कोणती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्याने सांगितलेली वेळ गैरसोयीची असेल तर तुमची तारीख बदला, त्याची वेळ बदलायला लावू नका.