शंभर यार्ड

आमच्या शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंतचे अंतर मी एकदा टेपने मोजले होते. सत्तर यार्ड भरले. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. मी अर्जात २०१५ च्या बालन्याय कायद्याचाही दाखला दिला. मुलाच्या हाती दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पानपट्टी उठली. महिनाभर मी मोठ्या ऐटीत हिंडत होतो.

मग मोजमापाची पाळी माझ्यावर आली.

माझा धाकटा भाचा गर्दच्या नादी लागला. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तशाच एका केंद्रात तो राहिला आणि बरा होऊन परतला. आता त्याला हवी होती एक खोली. जुन्या वस्तीत जुने सोबती होते. तेथे जाणे म्हणजे पुन्हा खड्ड्यात पाय घालणे.

आमच्या इमारतीत एक खोली रिकामी होती. पण सभेत सगळे म्हणाले, “मुलाबाळांची इमारत आहे.” चिटणीस मी. नकाराचा ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. आणि खरे सांगू? लिहिताना मला थोडे हायसेच वाटले.

तुम्ही म्हणाल, मुलांची काळजी नको का करायला? हवीच. पण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा एवढा कडक, तरी त्याच्या ६४अ कलमात थोड्याशा मालानिशी सापडलेल्या व्यसनी माणसाने आपण होऊन उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून सूट आहे. कायद्याने दार किलकिले ठेवले. आम्ही मात्र कडी लावली.

भाचा जिन्यात उभा होता. त्याने सारे ऐकले होते. एवढेच म्हणाला, “मामा, किती यार्ड लांब राहू?”

तो आता आमच्याच बाहेरच्या खोलीत राहतो. पहिले दोन महिने मी कपाटाला कुलूप लावीत होतो, हेही कबूल केले पाहिजे. परवा वरच्या मजल्यावरची पोरे आकाशकंदिलासाठी त्याच्याभोवती जमली. तो बांबूच्या कामट्या बोटांनी मोजीत होता. मी आत गेलो आणि टेप आणून त्याच्या हाती दिली.