बिनगळाची दोरी

आमच्या घरच्या चुलीवर मासा कधीं चढला नाहीं. तेव्हां आमचा धाकटा मुलगा डेन्मार्कमध्यें सुटीच्या दिवशीं मासे धरतो, ही वार्ता येतांच थोरल्या वहिनींनीं दोन दिवस आमच्याशीं बोलणें टाकलें. जणूं काय गळ आम्हींच त्याच्या हातीं दिला होता! गतवर्षीं चैत्रांत आम्ही ओडेन्स येथें त्याच्याकडे गेलों, ते मनांत दोन प्रश्न योजूनच. धरलेला मासा खातोस काय? आणि घरीं परत केव्हां येणार?

पहिल्याच रविवारीं पहांटे त्यानें आम्हांस फ्यून बेटाच्या किनाऱ्यावर नेलें. तो रबरी विजार चढवून मांडीभर पाण्यांत उभा. आम्ही दोन कानटोप्या घालून दगडावर.

तो मासा म्हणजे समुद्री ट्राउट. जन्म गोड्या ओढ्यांतला. एकदोन वर्षांनीं वसंतांत अंग रुपेरी होऊन कांहीं पिलें समुद्राकडे निघतात, आणि त्यांचींच कांहीं भावंडें जन्मभर ओढ्यांत राहतात. जात एकच. हिवाळ्यांतलें अतिथंड खारें पाणी त्यांस सोसत नाहीं, म्हणून पुष्कळ मासे खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यांत दडतात. वसंतांत काळसर तळाचें उथळ पाणी प्रथम तापतें, कोळंब्या व समुद्रकिडे हालूं लागतात, आणि मासे किनाऱ्यालगत चरावयास येतात. या बेटावरील बिघडलेले ओढे नीट करण्याचें व पिलें सोडण्याचें काम १९९० पासून चाललें आहे, असेंही त्यानें सांगितलें.

गळास संस्कृतांत बडिश म्हणतात. हा शब्द आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला. पण प्रत्यक्ष बडिश जवळून पाहिलें तें त्या दिवशींच. त्यावर पिसें व केंस गुंडाळून कोळंबीचें सोंग केलेलें. अशा एका गुलाबी सोंगाला तिकडे 'दूधपितें डुकराचें पिलूं' म्हणतात; वहिनींना हें कळविण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं. सोंगाला वजन असें नाहींच. तें दूर जातें तें जाड दोरीच्या भारानें. दोरी मागें फेंकावी, ती पाठीशीं सरळ उलगडेपर्यंत थांबावें, मग पुढें सोडावी. घाई केली कीं सारा गुंता पायाशीं.

तासाभरानें काठी वांकली. मासा लांब होता, पण पोट खपाटीला गेलेलें.

"बाबा, ही मादी. हिवाळ्यांत ओढ्यांत अंडीं घालून आतां समुद्रांत परतली आहे. अशीला मी नेत नाहीं."

त्यानें ओल्या हातांनीं पाण्यांतच गळ सोडविला, ती शेंपूट मारूं लागेपर्यंत तिला अलगद धरून ठेवलें, आणि सोडून दिलें.

"अशीला" या एका शब्दांत आमच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आलें होतें. जन्मभर व्याकरण शिकविणाराच्या कानांतून तें निसटणें शक्य नव्हतें. राग आला काय? आला, थोडा. दुसरा प्रश्न ओठांपर्यंत येऊन राहिला.

तो कांहीं वेळ आमच्याकडे पाहत होता. मग त्यानें दोरीचा गळ तोडून खिशांतल्या डबींत ठेवला, टोंकाला तांबड्या लोकरीचा तुकडा बांधला आणि काठी आमच्या हातीं दिली. पहिल्या खेपेस दोरी कानटोपीवर पडली. "पुन्हां, बाबा," तो म्हणाला. ज्या स्वरांत आम्ही त्याच्याकडून राम शब्द म्हणवून घेत असूं, तोच स्वर! पुष्कळ खेपांनंतर दोरी एकदां सरळ गेली, आणि तो लोकरीचा ठिपका पाण्यावर अलगद टेंकला. आम्ही ऊन वर येईपर्यंत दोरी टाकीत होतों.

घरीं परततांच वहिनींनीं ओसरीवरच गांठलें. "काय हो भाऊजी, करतो तरी काय तो तिकडे सुटीला?"

"मासे सोडतो," आम्ही म्हणालों. निम्में खरें होतें.